उजव्या काठाच्या मोकळ्या सुया

बुधवारी सकाळी द्वारपालाचे पाचवे पत्र आले. धाकटीने ते दोनदा वाचले आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून धरले.

द्वारपाल हे त्या गृहस्थाचे नाव नव्हे. ते तिने वैतागून ठेवलेले होते. त्याचे खरे नाव तिला ठाऊक नव्हते, आणि पृथ्वीच्या कोणत्या कोपऱ्यात बसून तो ही पत्रे लिहितो याचाही तिला पत्ता नव्हता. प्रोग्राम लिहिण्यासाठी संगणकावर जो एडिटर वापरतात, त्याला जोडायचे एक प्लगइन या गृहस्थाने अनेक वर्षांच्या चिकाटीने रचले होते. त्याच्या योगाने निरनिराळ्या भाषा त्या एकाच एडिटरमध्ये सुखाने नांदत असत. भाषा कोणतीही असो, तिच्यासाठी पाच आज्ञा ठरलेल्या: 'चालव', 'तपास', 'टीप कर', 'उडी मार' आणि 'नीट लाव'. भाषा बदलली तरी माणसाच्या बोटांना नवे वळण लावावे लागू नये, एवढाच त्यामागचा सद्हेतू. नवी भाषा आणू पाहणाऱ्याने या पाचही आज्ञा लिहून द्वारपालाकडे धाडाव्यात, त्याने त्या पारखाव्यात, आणि मनास आल्या तरच आत घ्याव्यात, असा तेथला शिरस्ता होता.

धाकटीच्या चार आज्ञा पारखून झाल्या होत्या. पाचवी अडली होती, आणि पाचवीवाचून उरलेल्या चौघींना प्रवेश नव्हता.

"आपल्या परिश्रमांबद्दल मनःपूर्वक आभार," असे पत्रात लिहिले होते. "तथापि 'नीट लाव' ही आज्ञा अद्याप रिकामी आहे. रिकामी आज्ञा स्वीकारता येत नाही. कृपया या आज्ञेबद्दलचा नियम सातवा पाहावा."

जिन्यावर पावले वाजली. विणकामाचे यंत्र तळमजल्यावर होते, आणि संगणकाची ही चिंचोळी खोली त्याच्या बरोबर वर. ताई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. कारखाना तीच चालवीत असे. कारखाना म्हणायचा तो मान द्यायचा म्हणून. एक यंत्र, दोन बायका, आणि लोकरीने भरलेल्या चार मांडण्या, एवढाच त्याचा विस्तार.

"काय म्हणतो तुझा द्वारपाल?"

"आभार मानतोय."

"पुन्हा?"

"पाचव्यांदा."

"आभारांची टोपरी विणता येत नाहीत म्हणावं त्याला." ताई आत येऊन टेबलाच्या कडेला टेकली. "हे बघ, तीन आठवडे मशीन उभं आहे. खाली त्या दोघी सुया पुसून पुसून कंटाळल्या. इस्पितळाच्या टोपऱ्यांचा पत्ता नाही. शनिवारी सकाळी मशीनच्या कंपनीचा माणूस येतोय, त्यांचं सॉफ्टवेअर टाकायला. तोवर तुझं झालं तर ठीक. नाही झालं तर त्यांचं घ्यायचं, आणि अण्णांनी घरी बसायचं. मला याचं काही वाटत नाही असं समजू नकोस."

"अण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चहा गार झाला."

धाकटी कपाळाला हात लावून हसली, पण ते हसू ओठांपलीकडे गेले नाही.

अण्णा म्हणजे या दोघींचे वडील. ते प्रोग्रामर नव्हते. यंत्रदुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय, आणि त्या व्यवसायावर त्यांची निष्ठा होती. तीस वर्षांपूर्वी पहिले संगणकी विणयंत्र कारखान्यात आले, तेव्हा त्याला नमुना सांगण्याची कंपनीची रीत इतकी किचकट होती, की अण्णांनी ती आठ दिवस सोसली आणि नवव्या दिवशी स्वतःची भाषा रचायला घेतली. कापडाची एक ओळ म्हणजे लिखाणाची एक ओळ. फुली म्हणजे टाका, गोल म्हणजे उचललेला टाका, आणि जी सुई मोकळी राहायची तिच्या जागी काहीही नाही. केवळ कोरी जागा. ओळींच्या आधी आकडा घातला की तितक्या वेळा त्या ओळी पुन्हा विणायच्या. एवढ्या अल्प सामग्रीवर त्यांनी एकशे त्रेचाळीस नमुने लिहिले होते: टोपरी, गळपट्टे, हातमोजे, आणि पाळण्यातल्या बाळाची एक दुलई, जिच्यावर मासे पोहत. घरात या सर्वाला 'अण्णांची भाषा' असेच म्हणत. द्वारपालाने नाव मागितले तेव्हा अण्णा म्हणाले होते, "नाव कशाला? घरात एकच तर आहे." धाकटीने मग आपल्या जबाबदारीवर 'वीण' असे लिहून टाकले.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा जुना संगणक मरणपंथाला लागला. धाकटी दुसऱ्या गावी नोकरी करीत असे. ती रजा काढून धावत आली. एकेक फाइल तिने आपल्या संगणकावर उघडली, जुन्या अक्षरचिन्हांची नवी केली, जतन केली, आणि शेवटची फाइल निघाली त्याच दुपारी जुन्या संगणकाने प्राण सोडला. सारे वाचले म्हणून ताईने तिला मिठी मारली होती. नवा एडिटर अण्णांच्या सोयीचा होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांपुढे धुके साचत चालले होते आणि त्यात अक्षरे बोटभर मोठी करता येत. उणीव होती ती आज्ञांची. धाकटीने आधी त्या कारखान्याच्या संगणकापुरत्या घालून दिल्या, तर प्लगइनची नवी आवृत्ती आपोआप आली आणि तिची भर धुऊन गेली. तिने पुन्हा घातल्या. चार दिवसांनी, नव्या संगणकाला यंत्र जोडून होण्याआधीच, पुन्हा धुऊन गेल्या. द्वारपालाची मनधरणी करणे भाग पडले ते यामुळे.

"तू जा खाली," ती ताईला म्हणाली. "आणि अण्णांना वर पाठव."

अण्णा आले, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. हात मोठे होते, आणि तेलाचा काळा कण नखांच्या मुळाशी कायमचा वस्तीला आलेला होता.

"अण्णा, तुमच्या भाषेत नीटनेटकं म्हणजे काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखाद्यानं गबाळं लिहिलं, तर ते नीट कसं लावायचं? त्याची कमांड हवी आहे त्या माणसाला."

"गबाळं कोण लिहील? मीच तर लिहितो."

"समजा, मी लिहिलं."

"तू लिहू नकोस."

"अण्णा!"

"अगं, जे नीटच आहे ते आणखी नीट काय लावायचं? तुझ्या त्या माणसाला घरी काही काम नाही का?"

धाकटीने एक दीर्घ श्वास घेतला, आकडे मोजण्याचा उपाय करून पाहिला, आणि सातावरच सोडून दिला. अण्णा खाली गेल्यावर तिने सगळे करतात तेच केले. जवळजवळ प्रत्येक भाषेची 'नीट लाव' ही आज्ञा आरंभी एक सर्वमान्य काम करते: ओळीच्या शेवटी उगीच राहिलेल्या कोऱ्या जागा छाटते. तेवढेच तिने दहा मिनिटांत लिहिले आणि पाठवून दिले. आश्चर्य असे, की दुपारच्या आत उत्तर आले. "अभिनंदन. आपली भाषा स्वीकारली आहे."

ती दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेली. ताईने हातातले काम टाकले, यंत्रावरच्या दोघी पुढे सरकल्या, आणि अण्णांनी लोकरीचे टोक यंत्रात स्वतः ओवले. धाकटीने यंत्राशेजारी, अण्णांच्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर इस्पितळाच्या टोपऱ्याची फाइल उघडून 'चालव' ही आज्ञा दिली. तीन आठवड्यांनी यंत्राचा सरकता घोडा या टोकाकडून त्या टोकाकडे धावू लागला, आणि त्या खडखडाटाने सर्वांचे चेहरे उजळले.

सहा मिनिटांनी टोपरे खाली आले. ते वाकडे होते.

वाकडे म्हणजे थोडेथोडके नव्हे. एक बाजू पायऱ्यापायऱ्यांनी आत गेलेली, दुसरी फुगलेली, आणि मधे सुटलेल्या टाक्यांची एक लांब शिडी. दोघी बायकांपैकी थोरली पदराआड हसली आणि म्हणाली, "बाळाला मान वाकडी करून घालावं लागेल."

"दोरा सैल असेल," ताई म्हणाली.

दोरा सैल नव्हता. दुसरे टोपरे तसेच आले, तिसरेही तसेच. धाकटीने फाइल तपासली. फुल्या जिथल्या तिथे, गोल जिथल्या तिथे. तिने 'तपास' ही आज्ञा दिली. आज्ञेने सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला. तिने यंत्राकडे असे पाहिले, की एखादा सजीव प्राणी असता तर ओशाळला असता.

"आण इकडे," अण्णा म्हणाले.

त्यांनी टोपरे हातात घेतले आणि डोळे मिटले. अंगठ्याचे नख एकेका टाक्यावरून ते सावकाश सरकवू लागले. पोथीवरून बोट फिरवणाऱ्याची जी एकाग्रता असते, ती त्या मुद्रेवर होती.

"हे कुणी विणलं?"

"मशीननं," ताई म्हणाली.

"मशीन माझ्याशी असं वागत नाही." नख थांबले. "इथं चार सुया गेल्या. वरच्या ओळीत सहा. इथं परत चार. धाकटे, माझी मोकळी जागा कुठं आहे?"

"कसली मोकळी जागा?"

"उजव्या काठाची. प्रत्येक ओळीला शेवटी मोकळ्या सुया असतात. त्या कुठं गेल्या?"

धाकटी वर गेली. तिने एका ओळीवर जाऊन कर्सर ओळीच्या शेवटाला नेला. तो शेवटच्या फुलीला लागूनच उभा राहिला. पलीकडे काही नव्हते. दुसरी ओळ तशीच. दुसरी फाइल तशीच. आजची नवी आज्ञा तर या फाइलींवर अजून एकदाही चालवली नव्हती. मग हे कोणी केले? आणि तिला आठवले. तिच्या एडिटरला एक सवय होती: फाइल जतन करताना ओळींच्या शेपट्या छाटून टाकायच्या. ही सवय तिनेच, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मोठ्या हौसेने त्याला लावली होती. तीन आठवड्यांपूर्वी एकशे त्रेचाळीस फाइली तिने उघडल्या होत्या आणि एकशे त्रेचाळीस फाइली जतन केल्या होत्या. नंतर काळजीपूर्वक काढून ठेवलेल्या दोन प्रतीही त्या छाटलेल्या फाइलींच्याच होत्या.

अण्णांचा अनुवादक, म्हणजे त्यांचे लिखाण यंत्राला समजावणारा, फाइलींबरोबरच वाचलेला तो जुना प्रोग्राम, प्रत्येक ओळीची लांबी मोजून तिचा मध्य यंत्राच्या मध्याशी जुळवीत असे. कोरी जागा हीसुद्धा त्याच्या लेखी सुईच. शेपटी गेली, लांबी घटली, मध्य सरकला. आणि प्रत्येक ओळ आपापल्या मापाने उजवीकडे ढळली. पडद्यावर मात्र डावी बाजू सरळ राहिल्याने काडीचाही फरक दिसत नव्हता.

तिने हार मानली नाही. डावीकडे जेवढी कोरी जागा, तेवढीच उजवीकडे असणार, असा तर्क करून तिने टोपऱ्याची फाइल भरून काढली. ती खाली आली, आणि चौथे टोपरे थोडे कमी वाकडे आले.

"उजवा काठ ओढला जातो," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून तिकडे जास्त सोडायच्या. जाड लोकरीला दोन जास्त, बारीकला चार. त्या निळ्याला पाच, ती फार ओढते."

"मग एकूण रुंदी कुठंतरी लिहायला काय झालं होतं, अण्णा? फाइलीत पहिल्याच ओळीत? एक आकडा!"

"मला माहीत होती की."

"आणि दुसऱ्या कुणाला?"

अण्णांनी टोपरे उलटे केले. ताईने दोघी बायकांना काहीतरी काम सांगून मागच्या खोलीत पाठवले आणि स्वतः तेथेच उभी राहिली. यंत्राचा दिवा लुकलुकत होता.

"लिहिली असती," अण्णा टोपऱ्याकडे पाहत म्हणाले, "तर मला विचारायला कोण आलं असतं?"

धाकटीच्या जिभेवर तीन उत्तरे आली होती. एक तिखट होते, एक त्याहून तिखट, आणि तिसरे रडके. तिन्ही तिने गिळली. तीन आठवड्यांचा तिचा सारा संताप, द्वारपालाची पाच पत्रे, धुऊन गेलेली भर, स्वतःची ती चोख आणि अडाणी सवय, हे सगळे तिच्या मनात साचले होते, आणि आता ते ओतायला कोणी योग्य माणूस समोर उरला नव्हता.

"नाही सांगितलीत तर शनिवारी ही खुर्ची जाते," ती म्हणाली.

"आणि सांगितली तर खुर्चीची गरज राहत नाही."

"अण्णा, असं काय बोलता!" ताई म्हणाली.

"खोटं आहे का?"

अण्णा उठले, त्यांनी भिंतीवरची पिशवी खांद्याला लावली आणि ते घरी निघून गेले. दिवसाच्या भर मध्यावर अण्णा कारखाना सोडून गेल्याचे या दोघींनी जन्मात पाहिले नव्हते.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते आले. थेट मागच्या खोलीत गेले. तेथे भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक खिळ्याला, विणून पाहिलेला पहिला नमुना टांगलेला होता. अण्णांनी पहिल्या रांगेतले सगळे उतरवले, दोन्ही हातांच्या कवेत घेऊन वर आणले आणि टेबलावर ठेवले.

"लिही," ते म्हणाले.

धाकटीने कीबोर्ड पुढे ओढला. अण्णा एकेक तुकडा उचलीत, काठ चाचपीत, नखाने मोजीत, मग कापड दोन्ही हातांनी ताणून लोकरीची ओढ बघत, आणि आकडा सांगत. शहाण्णव. एकशे चार. बहात्तर. आकडे निःशंक होते. पण त्यांच्या वाटेत इतकी वळणे होती, की धाकटीच्या नाकी नऊ आले.

"हा गळपट्टा. तुझ्या आत्यासाठी केला होता. तिनं एकदाही घातला नाही."

"रुंदी, अण्णा."

"टोचतो म्हणाली. चांगल्यातली चांगली लोकर, आणि म्हणे टोचतो."

"अण्णा, रुंदी."

"साठ. घाई कसली आहे? आणि थांब, मघाचा सत्तेचाळिसावा परत घे. शहाऐंशी सांगितलं ना मी? अठ्ठ्याऐंशी कर."

"का?"

"हात म्हणतोय."

तिने अठ्ठ्याऐंशी केले. दुपारी ताई चहा घेऊन आली, तेव्हा एकसष्ट नमुने झाले होते आणि दोघेही एकमेकांशी बोलेनासे झाले होते, कारण हातमोज्याचा अंगठा स्वतंत्र नमुना धरायचा की नाही यावर त्यांचे कडाक्याचे वाजले होते. ताईने दोघांपुढे कप ठेवले आणि ती परत गेली. चहा झाल्यावर अण्णांनी अंगठ्याचा आकडा सांगितला, आणि धाकटीने तो स्वतंत्र लिहिला.

शुक्रवारी अकरा वाजता एकशे त्रेचाळिसावा तुकडा आला. ती माशांची दुलई होती. अण्णांनी तिचा काठ चाचपला.

"एकशे ऐंशी," ते म्हणाले. "झालं. आता यात माझं असं काही राहिलं नाही."

ते वाक्य कानाआड करणे धाकटीला जमले नाही. तरी तिने कीबोर्ड ओढून आज्ञा लिहायला घेतली. 'नीट लाव' आता उलट काम करणार होती. फाइलीच्या पहिल्या ओळीत रुंदी वाचायची. प्रत्येक ओळ त्या रुंदीपर्यंत कोऱ्या जागांनी भरून काढायची. काहीही छाटायचे नाही. आणि रुंदी लिहिलेली नसेल, तर मनाने काही ठरवायचे नाही. थांबायचे आणि विचारायचे.

तिने ते पाठवले. द्वारपाल तत्पर होता. त्याच्याविरुद्ध तेवढी एकच तक्रार करता येत नसे.

"आपल्या परिश्रमांबद्दल मनःपूर्वक आभार. बुधवारी स्वीकारलेली आज्ञा आज नेमके विरुद्ध करू लागली आहे. सर्व भाषांमध्ये 'नीट लाव' ओळीची शेपटी छाटते. आपण ती वाढवीत आहात. नियम सातव्यानुसार, ओळीच्या शेवटच्या कोऱ्या जागांना काही अर्थ नसतो."

धाकटीने टेबलावर कपाळ टेकवले. त्याच अवस्थेत ती म्हणाली, "मी नोकरी सोडते. संगणक सोडते. मी डोंगरावर जाऊन राहते."

"काय म्हणतो तो?" अण्णांनी विचारले.

तिने पत्र मोठ्याने वाचले. अण्णांनी ते मान किंचित तिरकी करून ऐकले, आणि शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले.

"नियम कुणी केला?"

"त्यानंच."

"विणकाम करतो का तो?"

"मला काय माहीत, अण्णा!"

"मग त्याचा काय दोष? लिही त्याला. माझ्याकडून लिही." अण्णा ताठ बसले. एरवी अघळपघळ बोलणारा हा मनुष्य पत्र सांगताना मात्र शब्द तोलून सांगत असे. "महोदय, ज्या सुईवर टाका नाही, तीही सुई मोजावी लागते. ती आपल्या जागी उभी असते म्हणून शेजारचा टाका आपल्या जागी राहतो. आपला नियम पाळून विणलेले एक टोपरे सोबत दाखवीत आहे. ते तान्ह्या मुलासाठी होते. कळावे." मग त्यांनी ते वाकडे टोपरे आपल्या मुठीवर चढवले आणि हात पुढे केला. "काढ फोटो."

फोटोत मूठ भलतीच रागीट दिसत होती. धाकटीने तो तसाच पाठवला.

एक तास उत्तर आले नाही. दोन तास आले नाही. ताई तीनदा वर येऊन गेली. तिसऱ्यांदा ती नुसती दारातून पाहून वळली. चार वाजता पत्र आले.

"आपले वडील बरोबर आहेत. नियम सातवा दुरुस्त केला आहे, आणि आज्ञा स्वीकारली आहे. उदाहरणाच्या फाइलीत शेवटी एक कोरी ओळ कमी आहे, ती कृपया घालावी."

"घालते, बाबा, घालते," धाकटी पडद्याला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले ते रागाचे की कशाचे, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

शनिवारी कंपनीचा तंत्रज्ञ ठरल्या वेळेला आला. नीटस, हसतमुख माणूस; हातात काळी बॅग. तो येण्यापूर्वीच ताईने टोपऱ्याच्या फाइलीवर स्वतःच्या हाताने 'नीट लाव' आणि 'चालव' या दोन्ही आज्ञा दिल्या होत्या, आणि चार टोपरी टेबलावर ओळीने ठेवलेली होती. सरळ, मऊ, काठाला काठ जुळलेली. थोरल्या बाईने त्यांतले एक उचलून आतबाहेर पाहिले आणि जपून घडी घातली. तिच्या बाजूने ती पावती होती. अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, घरी जायला निघालेला मनुष्य बसतो तसे, पिशवी मांडीवर घेऊन.

"म्हणजे तुमचं जुनंच सुरू झालं का?" तंत्रज्ञाने विचारले.

"झालं खरं," ताई म्हणाली. "आता तर सगळं लिहिलेलं आहे. कुणीही चालवावं."

ती सहज बोलून गेली. बोलल्यावर तिचे लक्ष स्टुलाकडे गेले आणि तिने ओठ चावला. अण्णा पिशवीचा बंद सारखा करीत होते.

"तरी आमचं बघून तर घ्या," तंत्रज्ञ म्हणाला. "तयार मापं आहेत. नवा नमुना पाच मिनिटांत."

"नवा?" ताई वळली. "सकाळीच इस्पितळातून फोन होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी टोपरी हवीत. मुठीएवढं डोकं असतं हो त्यांचं. तुमच्यात आहे ते माप?"

तंत्रज्ञाने आपला संगणक उघडला, यादी खालपर्यंत नेली आणि परत वर आणली. "सर्वांत लहान नवजात. त्याच्या खाली... मागवून घ्यावं लागेल. कळवतो मी."

ताई अण्णांच्या खुर्चीत, पडद्यापुढे बसली आणि कोरी फाइल उघडून तिने फुल्या घालायला सुरुवात केली. तीन ओळी तिने जमवल्या, जुन्या टोपऱ्याकडे पाहून पाहून, आणि आज्ञा दिली. पडद्यावर बोटभर अक्षरांत प्रश्न उमटला: रुंदी किती?

कर्सर लुकलुकत राहिला. ताईने धाकटीकडे पाहिले. धाकटीने हात वर केले. तिच्याजवळ आकडे होते ते फक्त झालेल्या नमुन्यांचे. तंत्रज्ञही पडद्याकडे पाहत होता, आणि मग, बाकीचे सगळे जिकडे पाहू लागले होते तिकडे त्यानेही पाहिले.

"अण्णा," ताई म्हणाली, "किती घालू?"

"लोकर कुठली?"

"तीच. पांढरी."

"पांढऱ्या दोन आहेत."

"अहो, मऊवाली!"

"दोन्ही मऊ आहेत." त्यांनी पिशवी खाली ठेवली, उठले, मांडणीपाशी गेले आणि दोन्ही पांढऱ्या लोकरींची टोके दोन हातांच्या चिमटीत धरून ताणू लागले. डोळे मिटलेले होते.

"अण्णा, लवकर सांगा ना. इस्पितळाला दुपारी कळवायचंय."

"मुठीएवढं म्हणालीस. कुणाच्या मुठीएवढं? माझ्या की तुझ्या?"

"देवा!" ताई म्हणाली, आणि तिने इस्पितळाला फोन लावला. धाकटीने कोपऱ्यातले स्टूल उचलून आपल्यासाठी संगणकाजवळ ओढले आणि अण्णांची खुर्ची रिकामी करण्यासाठी ताईला खांद्याने ढकलले.